आधी आईच्या पाटल्या, मग साक्ष

प्रश्न (पत्र लांब होतं, इथे थोडक्यात देतो): "काका, मी 28 वर्षांचा. कांजूरमार्गला राहतो, कुरिअरच्या गोदामात कामाला आहे. 6 वर्षं दारूत घालवली. आईच्या पाटल्यासुद्धा पतपेढीत ठेवल्या. 8 महिन्यांपूर्वी मित्राबरोबर प्रार्थनासभेला गेलो आणि प्रभूने मला धरलं. तेव्हापासून थेंब घेतला नाही. आता गप्प बसवत नाही. घरी सांगायला गेलो तर आई रडते, दादा म्हणतो बाटलास. मंडळातल्या पोरांना सांगावं, लोकलमध्ये पत्रकं वाटावीत असं वाटतं. सभेतले भाऊ म्हणतात, तुझ्या साक्षीचा व्हिडिओ करू. बाप्तिस्मा अजून घेतलेला नाही. साक्ष कशी द्यावी? सुरुवात कुठून करू?"

सलाम. तू मला काका म्हटलंस म्हणून मीही तू म्हणतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साक्षीबद्दल, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बदललं ते लोकांना सांगण्याबद्दल, दोन पानं आहेत आणि पाटल्यांबद्दल एक वाक्य. ते वाक्य तू उघड्या गटारावरून उडी मारावी तसं ओलांडलं आहेस. सुरुवात कुठून करू असं विचारतोस ना? पतपेढीपासून कर.

बायबलातला यरीहोचा जकातदार जक्कय आठव. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने उभं राहून काय सांगितलं? मला किती शांती लाभली, रात्री कशी झोप लागते, यातलं काहीच नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणाला. हिशेब बोलला तो. आणि तो ऐकून प्रभू म्हणाला, आज या घराचं तारण झालं. लूकच्या 19व्या अध्यायात हा क्रम नीट बघ.

आता हा तारण शब्द. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण तो उद्धार या अर्थाने इतका वापरतो की त्याला दुसरा अर्थ आहे हेच विसरतो. तुझ्या आईच्या कानाला तारण म्हणजे पतपेढीच्या पाटीवर लिहिलेलं सोनेतारण. तिच्या पाटल्या तारण पडल्या आहेत, आणि मुलगा घरी येऊन सांगतोय की माझं तारण झालं. ती रडते याचं तुला नवल वाटतं, मला वाटलं नाही.

तेव्हा पहिलं काम: मुद्दल किती, व्याज किती, लिलावाची नोटीस येऊन गेली आहे का, हे जाऊन विचार. पगाराच्या दिवशी पहिली रक्कम तिथे भर. पगाराचा दिवस मुद्दाम म्हणतोय. दारू सोडलेल्या माणसाला महिन्यातला सगळ्यांत वाईट दिवस तोच असतो, आणि त्या संध्याकाळी खिसा हलका असलेला बरा. आईला एवढंच सांग, "आई, चुकलो. पाटल्या सोडवतोय." या वाक्याला "पण" जोडू नकोस आणि येशूचं नावही घेऊ नकोस. हे वाचून तू दचकशील. पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, जवळपासचा माणूस प्रभूचं नाव घेऊ नको म्हणतो म्हणजे काय? कारण असं की "देवाने मला माफ केलं" असं म्हणणाऱ्या मुलाला आई मनातल्या मनात विचारते, आणि मला कोणी विचारलं का? तिचं तुझ्याकडे जे येणं आहे ते तुझ्या देवाने परस्पर माफ करून टाकलं, असं तिला वाटतं. आधी तिची माफी तिच्याकडे माग. ती लगेच देईलच असं नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. मी स्वतः काय घाण केली ते सांगतो म्हणजे कळेल.

मी लालबागचा. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बदली कामगार होतो. संप काही रीतसर मिटला नाही, आमचं मात्र सगळं मिटलं. पुढची 6 वर्षं मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, कारण तूही तेच केलंस. 1988मध्ये विश्वासात आलो. 1989मध्ये वडील गेले. दहाव्याला सगळे बाणगंगेवर जमलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दादा मुंडण करून उन्हात उभा, हात जोडून वडिलांना एकेक वचन देतोय: आईला सांभाळीन, धाकट्या बहिणीचं लग्न करीन. आणि मी, विश्वासात येऊन जेमतेम वर्ष झालेला, सगळ्या भावकीसमोर मोठ्याने बोललो, "कावळ्याची वाट कशाला बघताय, प्रभूची बघा."

ती वचनं देण्याची खरी पाळी माझी होती. दादाने पोसलेलं घर मी पिऊन बसलो होतो. दादा काही बोलला नाही. त्यानंतर 10 वर्षं बोलला नाही.

मी तेव्हा आमच्या मंडळीत जाऊन काय सांगितलं असेल? की माझा छळ होतोय! लोकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. एका म्हाताऱ्या बाईंनी तेवढं विचारलं, "तुझा भाऊ त्या दिवशी किती वाजल्यापासून उपाशी होता रे?" मला उत्तर देता आलं नाही.

1999मध्ये दादाला टीबी झाला. वहिनी नोकरीला, पुतणी लहान. तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यातली पद्धत अशी होती की एक दिवसाआड गोळ्या कुणाच्या तरी समोर गिळायच्या, आणि 6 महिने चुकवायचं नाही. दादा दांड्या मारू लागला म्हणून वहिनीने मला निरोप धाडला. एक दिवसाआड सकाळी मी त्याला दवाखान्यात घेऊन जायचो. चौथ्या महिन्यात, बाकावर नंबराची वाट बघत बसलो असताना त्याने समोर बघत विचारलं, "त्या दिवशी बाणगंगेवर तुला नेमकं काय सांगायचं होतं?" मी पाच मिनिटांत सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि आत गोळ्या घ्यायला गेला. झालं. दादा शेवटपर्यंत विठ्ठलाचाच राहिला, बरा झाल्यावर दोनदा पंढरपूरला जाऊन आला. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत खरी साक्ष ती पाच मिनिटांची होती असं मी समजतो. तिचं फळ काय म्हणून कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही.

मार्कच्या 5व्या अध्यायात थडग्यांमध्ये राहणारा माणूस आहे. बरा झाल्यावर तो प्रभूला विनवतो, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. प्रभू त्याला नावेत घेत नाही. घरी आपल्या लोकांकडे जा म्हणतो, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग. मी बरीच वर्षं हे वचन घरी जाऊन बोलण्याची आज्ञा म्हणून वाचलं. आता वाटतं, अर्धी आज्ञा "घरी जा" एवढीच आहे. त्याला साखळ्यांनी बांधणारी, त्याच्या ओरडण्याने रात्र रात्र जागणारी माणसं तिथेच होती. नव्या गावात त्याचं बोलणं गाजलं असतं. जुन्या गावात त्याला आधी शांत बसून दाखवावं लागलं असेल.

दादा "बाटलास" म्हणतो त्याचा राग धरू नकोस. त्या शब्दामागे काय भीती आहे ते ऐक. मराठी घरात मुलगा ख्रिस्ती व्हायला निघाला की भांडण देवावरून क्वचितच होतं. येशूबद्दल मुंबईच्या माणसाला राग नाही. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला जी रांग लागते तिच्यात किती कपाळांवर कुंकू असतं ते बघून ये. बांद्र्याला सप्टेंबरात मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणारे सगळे काही ख्रिस्ती नसतात. तुझी आईही कधी तरी तुझ्याच दारूसाठी तिथे मेणबत्ती लावून आली असेल; विचारून बघ. भीती वेगळी असते. मला अग्नी कोण देणार, पिंडाला कोण उभं राहणार? गणपतीत घरात कोण असणार? दादाच्या मुलीला स्थळं येताना लोक काय विचारणार? उद्या हा आडनाव बदलणार का, घर सोडून जाणार का? या प्रश्नांना योहान 3:16मधलं देवाच्या प्रेमाचं वचन हे उत्तर नाही. यांना उत्तर म्हणजे तू काय करणार आणि काय करणार नाहीस ते साध्या शब्दांत सांगणं. घर सोडणार नाही, तुझं म्हातारपण माझ्याकडे, भाऊबीज चुकणार नाही, नाव हेच राहील. जे जमणार नाही तेही आजच सांग, ऐन वेळी नको. माझ्या आईच्या वेळी मी खांदा दिला, लाकडं रचली, विधी दादाने केले. हे तिने आणि मी आधी बोलून ठेवलं होतं, ती हिंडतीफिरती असतानाच. अवघड बोलणं होतं, पण त्या दिवशी स्मशानात तमाशा झाला नाही.

प्रसादाचं विचारशील म्हणून सांगतो. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तीच्या नैवेद्याबद्दल दोन-तीन अध्याय लिहिले आहेत आणि तरीही मुंबईतल्या दोन पाळकांचं त्यावर एकमत होत नाही. माझी रीत अशी की मोदक दोन्ही हातांनी घ्यायचा आणि शेजारच्या पोराच्या हातात द्यायचा. यावरून मला दोन्हीकडून बोलणी बसतात. तू तुझ्या सदसद्विवेकाने ठरव. फक्त "आम्ही हे खात नाही" असं तोंड वाकडं करून कुणाच्या दारात म्हणू नकोस. 8 महिन्यांपूर्वी तू त्याच दारात ओकला असशील.

आता मंडळातली पोरं. ती तुझ्या दारूतली सोबती, तेव्हा त्यांना सांगण्याची घाई होणार हे मला कळतं. पण तुला अजून फक्त 8 महिने झाले आहेत. विसर्जनाच्या रात्री त्यांच्यात जाऊन साक्ष देईन असं म्हणत गेलेले आणि सकाळी त्यांच्याबरोबर फुटपाथवर सापडलेले मी पाहिले आहेत. ज्याला बोलायचं असेल त्याला दिवसा, एकट्याला, चहावर भेट. आणि तुझ्या जुन्या चारचौघांत कुणी रोजचा, सकाळी उठल्या उठल्या लागणारा पिणारा असेल तर त्याला "आज रात्री प्रार्थना कर आणि उद्यापासून बंद" असं चुकूनही सांगू नकोस. इतका पिणारा माणूस एकदम थांबला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास होणं, झटके येणं सुरू होतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्यायचं. प्रार्थना रिक्षात बसून करता येते. तूही ए. ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' गटाच्या, बैठकांना जा. त्यात विश्वासाची कमतरता कसली? तिथे बसून दुसऱ्याचं ऐकायची सवय लागते, आणि साक्ष देणाऱ्याला ती सवय नसली तर त्याचं बोलणं भोंग्यासारखं होतं.

औषधांबद्दल आणखी एक. "प्रभू बरं करतो" हे मी मानतो, आणि दादाच्या त्या गोळ्यांनी मला हेही शिकवलं की अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होऊन परत येतो. साक्षीच्या भरात कुणाला गोळ्या सोडायला सांगणं हे पाप आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. सभेला जमलेल्यांत मधुमेहाचे, फिट्सचे, मानसिक आजाराचे रुग्ण असतात. महाराष्ट्रात 2013पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं आणि साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवणं यांवर त्यात शिक्षा आहे. हा कायदा कुठल्या एका धर्माच्या बुवांसाठी केलेला नाही, आपल्या मंचांनाही तो लागू आहे. लागू असावाच.

व्हिडिओला नाही म्हण. सभेतले भाऊ मनाने वाईट नसतात, पण "माजी दारुड्याची साक्ष" ही गर्दी जमवणारी गोष्ट आहे, आणि ती सांगता सांगता माणूस थोडी थोडी वाढवत जातो. क्वार्टरचा खंबा होतो, दोन मारामाऱ्यांच्या दहा होतात. मी असे एकजण पाहिले की ज्यांच्या साक्षीतला आत्महत्येचा प्रयत्न तिसऱ्या वर्षी प्रथम आला. शिवाय तुझ्या गोष्टीत तुझी आई आहे. तिचे दागिने गहाण पडले, तिला मुलाने काय काय बोललं, ही तिची लाज आहे. ती मोबाइलवर फिरवायचा हक्क तुला कोणी दिला? तिला विचार, आणि ती हो म्हणाली तरी दोन वर्षं थांब. पौलाला दमिष्काच्या वाटेवर प्रभूचं दर्शन झालं, तो आंधळा होऊन उठला, लगेच सभास्थानांत बोलायला लागला हे खरं. पण गलतीकरांच्या पत्रात तो स्वतःच सांगतो की मधे तो अरबस्थानात गेला आणि यरुशलेमेला जायला त्याला 3 वर्षं लागली. त्या काळात त्याने तिथे काय केलं याचा एक शब्द त्याने लिहिलेला नाही.

गोष्ट सांगायची कशी, हे आता थोडक्यात. तीन मिनिटांत संपली पाहिजे. लोकलला कांजूर ते विक्रोळी जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त नको. घरच्या मराठीत सांग. रक्ताने धुतला गेलो, जुना मनुष्य मेला, अभिषेक, बंधन तुटलं, हे शब्द आपल्या उपासनेत शोभतात. ज्याने कधी पवित्र शास्त्र उघडलं नाही त्याला त्यातून भुताटकी ऐकू येते. योहानच्या 9व्या अध्यायातल्या जन्मांध माणसाला परुशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपंडित, धर्मशास्त्राचे कूट प्रश्न घालतात, आणि तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे: मी आंधळा होतो, आता मला दिसतं. तुलाही जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांग. दुसऱ्याच्या देवाबद्दल तुला काय ठाऊक आहे? काही नाही. मग ते सोड. अथेन्सभर मूर्ती पाहून पौलाच्या मनाचा संताप झाला होता, पण अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभेच्या टेकडीवर, उभा राहिल्यावर त्याने एकही मूर्ती फोडायची भाषा केली नाही. त्यांच्याच कवींच्या ओळी त्यांना ऐकवल्या. तुझ्या गोदामात बौद्ध सहकारी असतील. त्यांच्या घरात 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख नव्या जन्माची तारीख आहे. त्यांना "तुम्हाला देव नाही" असं ऐकवणाऱ्या आपल्या बांधवांची मला शरम वाटते. आधी त्यांची गोष्ट विचार. ती तुझ्यापेक्षा मोठी निघेल.

लोकल आणि पत्रकं. गर्दीच्या डब्यात, जिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही आणि उठून जाताही येत नाही, तिथे पत्रक पुढे करणं मला पटत नाही. ऐकणाऱ्याला नाही म्हणायची सोय असली पाहिजे. पण गाडीत काही घडत नाही असंही नाही. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. त्याने टिळकांशी संस्कृत कवितेवर गप्पा मारल्या, त्यांचं कौतुक केलं, नंतर धर्माचं विचारलं आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत हातात दिली. टिळकांना पुस्तक आवडलं नव्हतं, पण वाचीन असं कबूल केलं म्हणून ते वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895ला त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला.  आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा पुस्तकावर भर देतो. मी त्या कवितेच्या गप्पांवर देतो. आणि या गोष्टीची दुसरी बाजू आपल्या सभांत सांगितली जात नाही: त्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. त्या पुढे टिळकांकडे परतल्या तेव्हाही हिंदूच होत्या, आणि आपल्या पायांनी, आपल्या वेळेला 1900मध्ये ख्रिस्ती झाल्या. टिळकांसारख्या माणसालाही घरी वाट बघावी लागली.

कायद्याचं एकदा नीट ऐकून घे, कारण सभेत कुणी हे सांगत नाही. संविधानाचं कलम 25 प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. 1977मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मला ही रेघ विश्वासाच्या दृष्टीनेही बरोबर वाटते. सांगणं माझ्या हातात, पुढचं माझ्या हातात कधीच नव्हतं. तेव्हा शाळेची फी, नोकरी, रेशन, लग्न यांतलं काहीही साक्षीच्या बोलण्याला चिकटू देऊ नकोस. कुणाला मदत करायची असेल तर कर आणि त्या घरी तेव्हा येशूबद्दल गप्प राहा. मदत आणि साक्ष एकाच पिशवीतून दिली की दोन्ही नासतात.

आणि 18 वर्षांखालच्या पोरांना त्यांच्या आईबापांच्या पाठीमागे काही सांगायचं नाही. ही आजची भानगड नाही, या शहराने ती पूर्वीच भोगली आहे. 1843मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा बारा-एक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. प्रकरण कोर्टात गेलं, मुलगा बापाकडे परत आला; पण मिशनऱ्यांकडे राहून आला म्हणून जात त्याला घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून झगडा केला आणि सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या पोराचा विचार कर. दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांच्या खेचाखेचीत त्याला स्वतःला काय हवं होतं हे कुणी टिपून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. आपल्याबद्दल जो संशय आहे तो सगळा खोटा नाही, त्यात आपल्या लोकांच्या घाईचाही वाटा आहे.

पुढे कुणी तुझं ऐकून बाप्तिस्म्याचं विचारू लागलं, किंवा तू स्वतः घ्यायला निघालास, तर किंमत आधी मोजायची. अनुसूचित जातीच्या माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला की त्या प्रवर्गाच्या सवलती जातात. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूंबरोबर पुढे 1956मध्ये शीख आणि 1990मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आलेले नाहीत. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण धरलेलं आहे. नोकरी, मुलांचे दाखले, वारसा यांवर काय होईल ते वकिलाकडे बसून विचारायचं, पाळकाकडे नाही. हे कायदे बदलतही असतात. मी हे सगळं सांगतो तेव्हा काहीजण थांबतात, काही पुन्हा येत नाहीत. येऊ देत किंवा न येऊ देत. बुरुज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हे सांगणारा मी पहिला नव्हे.

गोदामात कामाच्या वेळात काही बोलू नकोस, तो वेळ मालकाने विकत घेतलेला आहे. तुझी पार्सलं वेळेवर लागली, तू दांडी मारली नाहीस आणि दुसऱ्याच्या चुकीवर ओरडला नाहीस, तर डब्याच्या सुट्टीत कुणी तरी विचारेलच, "काय रे, हल्ली घेत नाहीस?" पेत्र म्हणतो, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. विचारणाऱ्याला, हा शब्द तिथे आहे.

दोन कामं लगेच कर. सभेतल्या भावांना सांग की व्हिडिओ नको. रागावले तर माझं नाव सांग. आणि पतपेढीची पावती शोध. तुझ्यासारख्यांची पावती सहसा हरवलेली असते, तशी असेल तर ओळखपत्र घेऊन शाखेत जा, खातं तुझ्या नावावर असेल तर ते शोधून देतात. आईच्या नावावर ठेवल्या असशील तर सहीसाठी तिला बरोबर न्यावं लागेल. शनिवारी नेऊ नकोस, रांग असते आणि तिचे पाय दुखत असतील. जाताना रिक्षा कर.